मेंदू हे यंत्र आहे काय?



चालकांचे जे पत्र आम्हांला आले त्यात आजच्या व्याख्यानाचा विषय ‘मेंदू हे यंत्र आहे काय?’ असा होता. बाहेर चौकात फलक लावला आहे त्यावर रंगाऱ्याला जागा पुरली नसावी. शेवटचा ‘काय’ आणि त्यापुढचे प्रश्नचिन्ह दोन्ही गळाली आहेत, आणि आम्ही बोलावयास उभे राहण्यापूर्वीच निकाल लागून गेला आहे. तो फलक वाचून जे आले असतील त्यांची थोडी निराशा होईल. इतके ठाम आम्हांला बोलता येणार नाही. मात्र रंगाऱ्याची चूक अगदीच निराधार नाही, हेही आरंभीच कबूल केलेले बरे.

या विषयाशी आमचा संबंध पुस्तकांतून जडला त्याआधी घरातून जडला. १९७८ साली आमच्या आत्याबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात-पाय लुळा पडला आणि वाचा गेली. गावातले एक डॉक्टर पाहावयास आले. मनुष्य सज्जन, परंतु घाईचा. त्यांनी ओसरीवर येऊन आम्हां मंडळींना सांगितले, ‘‘मेंदू म्हणजे यंत्र आहे. बोलण्याचा जो भाग तो जळाला. जळलेला भाग काही पुन्हा येत नाही.’’ त्या एका वाक्याने घराचे वागणे बदलले. दुसऱ्या दिवसापासून आत्याबाईंशी कोणी बोलेनासे झाले. त्यांच्याविषयी मात्र त्यांच्यादेखत खुशाल बोलू लागले. आम्ही तेव्हा महाविद्यालयात शिकत होतो आणि डॉक्टरांचे वाक्य आम्हांला फार शास्त्रीय वाटले होते. आत्याबाईंकडे आपण पुन्हा येऊ.

मेंदूला यंत्र म्हणण्याची कल्पना आजची नव्हे. फ्रान्समध्ये राजाच्या बागेत जमिनीखालून पाण्याचे नळ खेळविलेले असत. पाहुण्याचा पाय एका ठराविक फरशीवर पडला की दडलेली झडप उघडे आणि समोरचा पुतळा हालू लागे. देकार्त या तत्त्वज्ञाने ही गंमत पाहून लिहिले, की मनुष्याचे शरीरही असेच आहे. मज्जातंतू हे नळ आणि त्यांतून एक सूक्ष्म द्रव धावतो. देकार्त १६५० साली वारला आणि त्याचा हा ग्रंथ त्यानंतर १६६२ साली प्रसिद्ध झाला. पुढे घड्याळे सुधारली तेव्हा मेंदू घड्याळासारखा झाला. तारायंत्र निघाले तेव्हा मज्जातंतू तारा झाले, टेलिफोन आला तेव्हा मेंदू टेलिफोनचे एक्सचेंज झाला, आणि आज तो संगणक आहे. ज्या काळी जे यंत्र सर्वांत नवलाचे, त्याची उपमा मेंदूला मिळत आली. तेव्हा आजची उपमा शेवटची, असे मानण्याचे काही कारण नाही.

पण उपमा बदलत गेल्या म्हणून त्या वाया गेल्या असे मात्र नव्हे. तारायंत्राचेच घ्या. मज्जातंतूतून जाणारा संदेश इतका वेगवान असावा की त्याचा वेग मोजताच येणार नाही, असे योहानेस म्युलर या थोर जर्मन शरीरशास्त्रज्ञाचे मत होते. त्याचाच शिष्य हेल्महोल्ट्झ याने १८५० साली बेडकाच्या मज्जातंतूवर तो वेग मोजला. निघाला किती? सेकंदाला सुमारे सत्तावीस मीटर. म्हणजे एखाद्या जलद आगगाडीइतका! विजेपुढे तर ही गोगलगायीची चाल. मनात यावे आणि हात हालावा या दोहोंमध्ये खराखुरा, घड्याळाने मोजता येण्याजोगा वेळ जातो हे त्या दिवशी कळले. मनाचा व्यापार मोजपट्टीखाली आला तो येथे.

त्यानंतर शंभर वर्षांनी केंब्रिजच्या हॉजकिन आणि हक्सले या दोघांनी माकूल या प्राण्याचा मज्जातंतू घेतला. कोकणातल्या श्रोत्यांना माकूल ओळखीची आहे, पण ती या कामाला लागली असेल असे त्यांना वाटले नसेल. तिचा एक मज्जातंतू सुताच्या दोऱ्याएवढा जाड असतो आणि त्याच्या आत विद्युत् मोजण्याची तार घालता येते. सोडियम आणि पोटॅशियम यांचे विद्युत्‌भारित कण तंतूच्या आवरणातून आतबाहेर कसे करतात आणि त्यातून संदेशाचा झटका पुढे कसा सरकतो, याची समीकरणेच त्यांनी १९५२ साली मांडली. केंब्रिजचा संगणक तेव्हा दुरुस्तीसाठी बंद होता. म्हणून हक्सलेने हाताने फिरवावयाच्या गणकयंत्रावर ती गणिते सोडविली. एका झटक्याचे गणित सुटावयाला सुमारे तीन आठवडे लागले. आणि उत्तर प्रत्यक्षाशी जुळले. १९६३ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. एका मज्जापेशीपुरते बोलावयाचे तर रंगाऱ्याचे म्हणणे येथेच सिद्ध झाले म्हणावयास हरकत नाही. जिचे वागणे समीकरणात बसते तिला यंत्र म्हणू नये तर काय म्हणावे?

आता संगणकाकडे येऊ. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देशातच बांधलेले ‘टिफ्रॅक’ नावाचे गणकयंत्र १९६० साली चालू झाले. त्याचे नाव १९६२ साली पंडित नेहरूंनी ठेवले. अशा यंत्रांना त्या काळी लोक सर्रास ‘इलेक्ट्रॉनिक मेंदू’ म्हणत. परंतु ज्या मनुष्याच्या डोक्यातून या यंत्रांची मांडणी मुख्यतः निघाली, त्या जॉन फॉन नॉयमान याचे स्वतःचे मत काय होते, ते पाहण्याजोगे आहे. अमेरिकेतील येल विद्यापीठाने त्याला १९५६ च्या वसंतात व्याख्याने देण्यास बोलाविले होते. आपल्यासारखीच ती वसंतातली व्याख्याने! विषय त्याने निवडला ‘गणकयंत्र आणि मेंदू’. पण कर्करोगाने तो अंथरुणाला खिळला आणि व्याख्याने झालीच नाहीत. रुग्णालयातही तो लिहीत होता. फेब्रुवारी १९५७ मध्ये तो वारला आणि ते अपुरे टिपण १९५८ साली छापले गेले. शंभर पानांच्या आतबाहेरचे ते पुस्तक आहे, आणि या विषयावर त्याहून प्रामाणिक लेखन आम्ही थोडेच वाचले आहे.

फॉन नॉयमान म्हणतो ते थोडक्यात असे. गणकयंत्रात लांबलचक हिशेब चालतो. एका पायरीचे उत्तर दुसऱ्या पायरीत जाते, तेथून तिसऱ्या, अशा लक्षावधी पायऱ्या. पहिल्या पायरीतली बारीक चूक शेवटी डोंगराएवढी होते. म्हणून यंत्राला दहा-बारा आकड्यांपर्यंत अचूक असावे लागते. मज्जापेशी एवढी अचूक नाही. दोन-तीन आकड्यांपलीकडे तिचा भरवसा नाही. शिवाय ती यंत्राच्या मानाने फारच मंद आहे. आता असा ढिला आणि मंद कारकून पेढीवर ठेवला तर पेढी दोन दिवसांत बुडावी. मग मेंदू बुडत का नाही?

याचे त्याने दिलेले उत्तर आम्ही आपल्या व्यवहारातल्या दाखल्याने सांगतो. किर्दीत ८४,००० ही रक्कम लिहिली आहे. तिच्यातला फक्त ८ पुसला गेला तर चौऱ्याऐंशी हजारांचे चार हजार होतात. आता गावात आग लागली आणि कोणी घंटा बडवू लागला, असे समजा. घंटेचे ठोके जितके दाट, तितकी आग मोठी, हे ऐकणारा समजतो. त्यातला एखादा ठोका चुकला, दोन जास्त पडले, तरी अर्थ बिघडत नाही. गणकयंत्राची लिपी किर्दीची आहे; मज्जातंतूची बरीचशी लिपी घंटेची आहे. संदेश किती दाटीने येतात यात अर्थ भरलेला असतो. म्हणून बारकाई कमी आणि भरवसा जास्त. यावरून फॉन नॉयमानने असे अनुमान काढले, की मेंदूच्या आत जी भाषा चालते ती आपल्या गणिताची भाषा नव्हे. आपले गणित हे त्या मूळ भाषेवर रचलेले दुसरे काहीतरी आहे. ती मूळ भाषा कोणती, येथपर्यंत येता येता त्याचे टिपण थांबते. आज वेळेच्या नेमकेपणालाही मज्जापेशी काही ठिकाणी फार महत्त्व देतात असे आढळले आहे. तेव्हा घंटेचा दाखला सर्वत्र लागू नाही. परंतु गणकयंत्राच्या जनकानेच ‘मेंदू माझ्या यंत्रासारखा नाही’ म्हणून नोंद करून ठेवावी, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

येथे आमचे काही मित्र लगेच टाळी वाजवितील आणि म्हणतील, ‘‘पाहा! मेंदू यंत्र नाही, आत कोणी वेगळाच बसला आहे.’’ त्यांनी जरा थांबावे. गणकयंत्रासारखा नाही म्हणजे यंत्रच नाही असे होत नाही. आगबोट आगगाडीसारखी नसते, म्हणून ती काही देवमासा ठरत नाही. मेंदूचा भाग गेला की मनाचा भाग जातो, आणि तोही किती नेमका जातो, याचे दाखले असे आहेत की अंगावर काटा यावा.

अमेरिकेत हेन्री मोलेसन नावाचा तरुण होता. अपस्माराने बेजार झाला होता. १९५३ साली त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा आतला काही भाग शस्त्रक्रियेने काढला. अपस्मार पुष्कळ आवरला, पण त्या दिवसापासून नवे काही त्याच्या लक्षात राहीना. जेवण झाले की जेवलो हे विसरे. ब्रेंडा मिल्नर या विदुषी त्याच्याकडे वर्षानुवर्षे जात, आणि दर वेळी त्या त्याला नव्यानेच भेटत. त्यांनी त्याला आरशात पाहून ताऱ्याची आकृती गिरविण्यास सांगितले. हे काम कठीण आहे. घरी करून पाहावे, हात उलटाच जातो. रोज सराव केल्यावर त्याचा हात सफाईने चालू लागला. आणि आपण हे पूर्वी कधी केले आहे, हे मात्र त्याला मुळीच आठवत नव्हते. म्हणजे ‘आठवण’ हा आपल्या भाषेत एक शब्द असला तरी मेंदूत ते एक खाते नाही. हाताची आठवण वेगळी आणि घडलेल्या गोष्टींची वेगळी. मोलेसन २००८ साली वारला. त्याच्या मेंदूचे २,४०१ पातळ काप करून जतन केले आहेत. त्याच्या दुर्दैवाने जगाला जेवढे शिकविले तेवढे फार थोड्या पंडितांनी शिकविले असेल.

‘बरे, आठवण यंत्राची असेल, पण इच्छा?’ असे विचारणारे असतात, आणि खरी मेख तेथेच आहे. माँट्रियलचे शल्यविशारद पेनफील्ड रुग्णाला जागे ठेवून मेंदूवर शस्त्रक्रिया करीत. मेंदूला स्वतःला वेदना होत नाहीत, हे आपणांपैकी पुष्कळांना नवल वाटेल. विजेचा हलका स्पर्श एका जागी केला की रुग्णाचा हात हाले. पण रुग्ण म्हणे, ‘हे मी केले नाही, तुम्ही केलेत.’ यावरून पेनफील्ड यांनी उतारवयात, १९७५ च्या एका पुस्तकात, मन हे मेंदूहून निराळे असावे असे मत मांडले. हाताचे यंत्र विजेने चालते, इच्छेचे चालत नाही, असा त्यांचा एकंदर रोख. आम्हांला तरुणपणी हा युक्तिवाद फार पटला होता. पुढे २००९ साली फ्रान्समधील संशोधकांनी मेंदूच्या मागच्या-वरच्या भागात, दुसऱ्याच एका जागी, विजेचा स्पर्श केला. तेव्हा रुग्णांना हात हालवावा अशी इच्छाच झाली. आणि जोर वाढविला तेव्हा, हात जागचा हालला नसतानाही, आपण तो हालविला असे त्यांना वाटले. पेनफील्ड यांचा दरवाजा बंद नव्हता. त्यांचा हात त्या कडीवर पडला नव्हता, इतकेच.

आपल्याकडच्या लोकायतिकांना हे ऐकून समाधान वाटले असते. धान्यात किंवा गुळात नशा नसते, पण ती आंबविली की मद्याला नशा येते. तशी महाभूतांपासून जाणीव येते, असे त्यांचे म्हणणे त्यांच्या प्रतिपक्षीयांच्या ग्रंथांतून आपल्यापर्यंत आले आहे. दाखला झकास आहे. पण आंबविणे म्हणजे नेमके काय, ते त्यांनी सांगितले नाही, आणि खरे सांगावयाचे तर जाणिवेच्या बाबतीत ते आजही कोणी सांगितलेले नाही. हात हालविण्याची इच्छा कोठून येते हे दाखविता येते. ती इच्छा ‘वाटते’ कशी, हा प्रश्न शिल्लक राहतो, आणि तो सुटला असल्याचे सांगणाऱ्याच्या खिशात काही ना काही पुस्तक विकावयाचे असते.

मग यंत्राची उपमा लंगडी पडते ती कोठे? आमच्या मते एका ठिकाणी, पण तेथे ती पार मोडते. गिरणीत गहू दळला काय किंवा ज्वारी दळली काय, गिरणी तीच राहते. झिजेल, पण तिचे जाते दळणाप्रमाणे नवा आकार घेणार नाही. मेंदू जे काम करतो त्याने तो स्वतः बदलतो. लंडनच्या टॅक्सीवाल्यांना परवान्यासाठी शहराच्या मध्यभागातले सुमारे पंचवीस हजार रस्ते पाठ करावे लागतात. कित्येक वर्षे त्यात जातात. मोलेसनच्या मेंदूतून जो अवयव काढला गेला होता, त्याचा मागचा भाग या टॅक्सीवाल्यांत मोठा असतो असे २००० साली आढळले. कोणी म्हणेल, तो मुळातच मोठा असलेली माणसेच या धंद्यात येत असतील. शंका रास्त होती. म्हणून उमेदवारांचे मेंदू अभ्यासाच्या आधी आणि नंतर पाहिले. परीक्षा उतरलेल्यांत तो भाग वाढला होता, नापास झालेल्यांत नाही. ही गोष्ट २०११ सालची. पोरांनो, येथे पुढे बसला आहात, पाठांतराची थट्टा करताना एवढे ध्यानात असू द्या.

मेंदूत सामान आणि साठा असे दोन नसतात. एका मज्जापेशीचा दुसरीशी जो सांधा असतो तो बळकट होणे किंवा दुबळा होणे, हीच आठवण. माणसाच्या मेंदूत अशा पेशी सुमारे आठ हजार सहाशे कोटी आहेत, आणि एकेकीचे सांधे हजारांनी मोजावयाचे. एवढा कारभार सुमारे वीस वॉटवर चालतो. घरातला छताचा पंखाही याहून जास्त वीज खातो. शास्त्रज्ञांनी लहानापासून आरंभ केला. मातीत राहणाऱ्या एका सूक्ष्म कृमीला अवघ्या ३०२ मज्जापेशी असतात. त्यांचा नकाशा १९८६ सालीच पुरा झाला. तरीही तो कृमी पुढच्या क्षणी डावीकडे वळेल की उजवीकडे, हे केवळ नकाशा पाहून सांगता येत नाही. कारण त्याच तारांतून, भोवतालच्या रसायनांप्रमाणे, वेगवेगळे वागणे निघते. २०२४ साली फळमाशीच्या मेंदूचा नकाशा पुरा झाला : १,३९,२५५ पेशी आणि पाच कोटींवर सांधे. माणसाचा नकाशा आमच्या हयातीत होईल असे वाटत नाही.

हल्ली बोलणारे संगणक निघाले आहेत आणि आमची नातवंडे त्यांच्याशी गप्पा मारतात. मज्जापेशीचा एक अगदी सोपा गणिती सांगाडा मॅक्कलक आणि पिट्स यांनी १९४३ साली मांडला होता. सांधे सरावाने बळकट होतात ही कल्पना हेब या मानसशास्त्रज्ञाने १९४९ साली मांडली. या यंत्रांचे मूळ तेथे आहे, आणि त्या मार्गाने गेलेल्या हॉपफील्ड व हिंटन यांना २०२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. गंमत अशी, की मेंदू यंत्रासारखा आहे असे म्हणता म्हणता यंत्रेच थोडी मेंदूच्या वळणावर गेली. परंतु मूल जेवढे ऐकून बोलू लागते त्याच्या हजारोपट मजकूर या यंत्रांना वाचावा लागतो. मुलाला भूक लागते, त्याला आई हवी असते, म्हणून ते बोलते. हा भेद लहान नाही. यावर निराळे व्याख्यान व्हावे. ते आमच्याहून तरुण माणसाने द्यावे.

आता आत्याबाई. झटक्याला सात-आठ महिने झाले होते. कार्तिकी एकादशीला संध्याकाळी घरात हरिपाठ चालला होता. त्या कोपऱ्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या. तिसऱ्या-चौथ्या अभंगाला आमच्या चुलतीने मान वर केली आणि टाळ थांबविले. आत्याबाई म्हणत होत्या. सूर हलता होता, पण शब्द एकूणएक स्पष्ट. पुढचे सगळे त्यांनी म्हटले. घरात रडारड झाली, पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी चुलती त्यांच्यापुढे पाण्याचे भांडे धरून म्हणाली, ‘‘वन्सं, म्हणा, पाणी.’’ आत्याबाईंनी ओठ हालविले. शब्द आला नाही. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले.

डॉक्टरांचे यंत्र खरे असते तर हे घडावयास नको होते. बोलण्याचा भाग जळाला तर हरिपाठ कोठून आला? याचे उत्तर आज देता येते. ब्रोका या फ्रेंच वैद्याने १८६१ साली वाचा गेलेल्या रुग्णाचा मेंदू तपासून जो भाग दाखविला तो डाव्या बाजूला असतो, आणि नवे वाक्य जुळविण्यास त्याची फार गरज लागते. पण सुरात म्हणणे, लहानपणापासूनचे पाठ म्हणणे, यांना उजव्या बाजूचाही मोठा आधार असतो. याचाच उपयोग करून, शब्द सुरात म्हणवून आणि डाव्या हाताने ठेका धरवून, वाचा परत आणण्याची पद्धत बोस्टनच्या वैद्यांनी १९७३ साली प्रसिद्ध केली होती. आमच्या घरी १९७८ साली ती कोणाला ठाऊक असणार! चुलती मात्र हट्टी. हरिपाठ येतो तर हरिपाठाच्याच चालीवर पाणी का येऊ नये, असे तिने धरले आणि ती चालीवर ‘पाणी हवं, चहा हवा’ म्हणू लागली. आम्ही मुले हसत असू. दीड महिन्याने आत्याबाईंनी चालीवर पाणी मागितले.

पुढच्या दोन-तीन वर्षांत त्यांना तीस-चाळीस शब्द आले. जळलेला भाग परत आला नाही, ते डॉक्टरांचे खरेच होते. पण शेजारच्या आणि समोरच्या भागांनी थोडे काम उचलले. असे प्रत्येक रुग्णात होते असे नाही, आणि उगीच आशा लावणेही बरे नव्हे. हल्ली तर गुठळी विरघळविणारे औषध झटक्यापासून साडेचार तासांच्या आत मिळाले तर पुष्कळांचे असे नुकसानच टळते. तोंड वाकडे झाले, हात उचलेना, बोबडी वळली, की घरगुती उपाय करीत न बसता मोठे रुग्णालय गाठावे.

एक सांगावयाचे राहिले. त्या पहिल्या आठ महिन्यांत आत्याबाईंच्या उशाशी बसून त्यांच्या बांगड्यांविषयी, खोलीविषयी, आणि ‘हे अजून किती दिवस’ याविषयीही बोलणी झाली होती. बोलणारांत आम्हीही होतो. त्यांना समजत नाही, असेच आम्ही धरून चाललो होतो. वाचा थोडी परतल्यावर एके दुपारी त्यांनी चुलतीला खुणेने जवळ बोलाविले, डाव्या हाताने बांगड्या काढल्या आणि चालीवर, एकेक अक्षर जुळवीत, त्या कोणाला द्यावयाच्या त्याचे नाव सांगितले. ज्यांची बोलणी झाली होती त्यांतले ते नाव नव्हते.